विजेचा जमाखर्च

चातुर्मासात साधू-साध्वी आपल्या स्थानकात विराजमान होतात. विजेचा दिवा नाही, पंखा नाही, वाहन नाही. त्यांना वंदन करून घरी परतताना आपण मनाशी म्हणतो, ‘हे त्यांनाच साधते, आपण पडलो संसारी.’

ही पळवाट बंद करणारे एक उदाहरण आपल्या खडकीपासून फार दूर नाही. शिवाजीनगर ओलांडून गेले की बुधवार पेठ लागते. तेथील एका जुन्या वाड्यात डॉ. हेमा साने जन्मभर विजेवाचून राहिल्या. त्या जैन नव्हत्या, त्यांनी दीक्षाही घेतलेली नव्हती. त्या वनस्पतिशास्त्राच्या डॉक्टरेट, गरवारे महाविद्यालयात अनेक वर्षे प्राध्यापक आणि वनस्पतींवरील अनेक पुस्तकांच्या लेखिका. अध्यापन, संशोधन, लेखन हे सारे वीज नसलेल्या घरात राहून झाले. सप्टेंबर 2025 मध्ये, वयाच्या 85 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांनी कोणाला आग्रह केला नाही. स्वतः तसे जगून दाखवले.

आमच्या बाजारपेठेतील एक व्यापारी स्नेही मला म्हणाले, “साहेब, एकट्या माझ्या दुकानाने जगाचे तापमान उतरणार आहे का?” प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी हिशेब मांडू.

आपल्या देशात एक युनिट वीज तयार होताना सरासरी सुमारे 0.7 किलो कर्बवायू हवेत जातो, कारण बहुतांश वीज कोळशावर होते. दीड टनी ए.सी. तासाला सुमारे दीड युनिट घेतो असे धरू. रोज 8 तास, महिन्याचे 26 दिवस म्हणजे 312 युनिट, म्हणजेच जवळपास 220 किलो कर्बवायू. हा एका दुकानाचा, एका यंत्राचा, एका महिन्याचा खर्च. तो आपल्या कोणत्याच वहीत चढत नाही. पुढच्या पिढीच्या नावे मात्र पडतो.

आता स्नेह्यांच्या प्रश्नाचे उत्तर. बँकेत कर्जाचा अर्ज तपासताना अर्जदार काय बोलतो यापेक्षा त्याचे खाते काय बोलते, हे आम्ही पाहत असू. पत आचरणातून निर्माण होते. शेठजी स्वतः दुपारी शटर अर्धे वर करून उजेड घेतात, जवळच्या वसुलीला पायी जातात, हे मुनीम पाहतो, कामावरची मुले पाहतात, नातू पाहतो. दुकानात लावलेल्या पाटीपेक्षा हे अधिक दूर पोहोचते.

सर्वांनी वीज तोडावी, असे माझे म्हणणे नाही. घरात वृद्ध असतात, आजारी असतात. परंतु आपल्या धर्माने गृहस्थाला त्यागाआधी मर्यादा शिकवली. भोगोपभोग परिमाण व्रत त्यासाठीच आहे. रोजच्या चौदा नियमांत वाहन, दिशा आणि स्नान यांचीही मर्यादा आहे. त्यात विजेच्या युनिटांची मर्यादा जोडणे कठीण नाही. गरज उरेल तेवढ्यासाठी छतावर सौर पॅनेल बसवावे. 3 किलोवॉटचा संच दिवसाला सरासरी 12 युनिट देतो. मात्र आधी मर्यादा, मग पॅनेल. अन्यथा फुकटची वीज म्हणून आपण आणखी एक ए.सी. लावू.

येत्या पर्युषणात एवढे करावे. गेल्या बारा महिन्यांची वीजबिले काढून गादीवर ठेवावीत, घरच्यांसमोर आकडा वाचावा आणि पुढील वर्षाचे परिमाण ठरवावे. संवत्सरीला आपण सर्व जीवांची क्षमा मागतो. त्या क्षमेमागे जमेचीही एखादी नोंद असावी.