कंबरेवरील न भरणारा व्रण : मार्जोलिन व्रणाचे निदान व चिकित्सा

नोव्हेंबर २०२४ मध्ये वर्धा व बिहार येथील डॉक्टरांनी ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या नियतकालिकात दोन वृद्ध स्त्रियांची रुग्णवृत्ते प्रसिद्ध केली. पहिली ७० वर्षांची. नऊवारीखाली परकराची नाडी कंबरेला आवळून बांधण्याची तिला सवय होती. तिच्या उजव्या कुशीवरील व्रण १८ महिने भरत नव्हता. दुसरी साठीच्या उत्तरार्धातील. परकराविना लुगडे घट्ट नेसण्यास तिला ४० वर्षे झाली होती व व्रण २ वर्षांचा होता. दोघींच्याही बायॉप्सीत मार्जोलिन व्रणाचे निदान झाले. दुसरीच्या जांघेतील लसीका ग्रंथीतही कर्करोग पोहोचला होता.

नऊवारी, लुगडे व धोतर नेसणारी वृद्ध मंडळी मराठवाड्यातील प्रत्येक वैद्याकडे येतात. म्हणून सदर विषयाची चर्चा येथे करीत आहोत.

व्याधिपरिचय व हेतू

दीर्घकाल पीडित त्वचेत अथवा जुन्या व्रणवस्तूत (व्रणाच्या वणात) उद्भवणारा कर्करोग म्हणजे मार्जोलिन व्रण. फ्रेंच शल्यविद् मार्जोलिन यांनी १८२८ मध्ये अशा व्रणांचे वर्णन केले, त्यावरून हे नाव पडले. बहुतांशी हा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा असतो. भाजल्याचे जुने वण हे याचे प्रमुख अधिष्ठान होय. याखेरीज शिरांचे जुनाट व्रण, अस्थिपाकातील नाडीव्रण व कुष्ठरोग्यांच्या तळपायाचे व्रण यांतही तो संभवतो. भाजल्यापासून कर्करोग होईपर्यंत बहुधा २० ते ३० वर्षे जातात.

वस्त्राशी असलेला हा संबंध नवा नव्हे. मुंबईचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर व सूर्याबाई यांनी १९४५ मध्येच धोतराच्या गाठीखालील कर्करोगाचे वर्णन केले होते. काश्मिरात पोटाशी धरलेल्या कांगडीच्या उष्णतेने होणारा कर्करोग याच जातीचा. साडी अथवा धोतर स्वतः दोषी नाही. एकाच जागी वर्षानुवर्षे पडणारा दाब, घर्षण व साचणारा घाम हे हेतू आहेत. त्वचा आधी काळवंडते, जाड होते, मग फुटते. फुटणे व भरणे वारंवार घडत राहिले की पेशींची वाढ अनियंत्रित होते. व्रणवस्तूत रक्तवाहिन्या व लसीकावाहिन्या विरळ असल्याने शरीराची संरक्षक यंत्रणाही तेथे दुर्बल असते. त्यामुळे हा व्याधी विरळ असला तरी सामान्य त्वचाकर्करोगाहून अधिक आक्रमक असतो.

निदान

सुश्रुताचार्यांनी दुष्टव्रणाची लक्षणे व व्रणांची साध्यासाध्यता विस्ताराने सांगितली आहे. असाध्य व्रण ओळखणे हेही वैद्याचे कर्तव्य होय. पुढील लक्षणांनी सावध व्हावे : तीन महिन्यांत न भरणारा व्रण, बाहेर वळलेले कठीण काठ, फुलकोबीसारखे मांसांकुर, दुर्गंध, सहज होणारा रक्तस्राव, जुन्या वणात नव्याने उद्भवलेली वेदना. जांघेतील व काखेतील ग्रंथी चाचपाव्यात. कंबरेची तपासणी नाडी सोडवूनच करावी.

निश्चिती मात्र बायॉप्सीनेच होते. व्रणाच्या काठातून व तळातून, एकाहून अधिक ठिकाणचे नमुने घ्यावे लागतात. अहवाल निर्दोष आला आणि व्रण तरीही भरत नसेल, तर पुन्हा तपासणी करावी.

येथे आमची एक चूक सांगणे योग्य होईल. एका आजींच्या कंबरेवरील व्रणास आम्ही चार महिने जात्यादि तैलाचे पिचू ठेवले. मधूनमधून व्रण आकसल्यासारखा वाटे, म्हणून आम्हीही समाधान मानले. बायॉप्सीस पाठविले तेव्हा जांघेत गाठ आली होती. औषध चुकीचे नव्हते, निदान झालेले नव्हते.

चिकित्सा

सभोवतालच्या निरोगी त्वचेसह, साधारणतः २ सें.मी. वा अधिक अंतर राखून, व्रणाचे पूर्ण छेदन ही मुख्य चिकित्सा होय. रिक्त जागी त्वचारोपण करतात. ग्रंथी बाधित असल्यास त्याही काढाव्या लागतात. अस्थी व्यापली गेल्यास अवयवच्छेदनाची वेळ येते. शस्त्रक्रिया अशक्य असेल अथवा पुनरुद्भवाची भीती असेल तेव्हा किरणोपचार उपयोगी पडतात. आपल्या शहरात शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ पासून कार्यरत आहे. पात्र रुग्णांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार मिळतो. ही माहिती देऊन, चिठ्ठी लिहून रुग्णास पाठवावे.

अनिश्चित व्रणावर क्षारकर्म वा अग्निकर्म करू नये. वरचा भाग जळतो, खोलवरचा कर्करोग तसाच राहतो व बायॉप्सीही अवघड होते. शस्त्रक्रियेनंतर अग्निरक्षण, पोषण व व्रणाची शुश्रूषा यांत वैद्याला मोठे कार्य आहे. ते कर्करोगतज्ज्ञांना कळवूनच करावे.

औषधी विक्रेत्यांस विनंती

एकाच व्रणासाठी तिसऱ्यांदा मलम मागणाऱ्या ग्राहकास मलम देण्यापूर्वी वैद्याकडे पाठवावे. कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्यानुसार निषिद्ध आहे, याचेही स्मरण असावे.

प्रतिबंध सोपा आहे. नाडी सैल असावी, शक्य तर रुंद पट्टा वापरावा, गाठीची जागा बदलत राहावी, रात्री कंबर मोकळी ठेवावी. कंबरेवरील काळा वण दिसताच प्रत्येक आजीला एवढे सांगण्यास दोन मिनिटे पुरतात.