रविवार, दुपारी एक ते पाच

शुक्रवार, रात्र. १८७० सालच्या सॅलॉनला, म्हणजे पॅरिसच्या सरकारमान्य प्रदर्शनाला, चित्रं पाठवायची मुदत अगदी तोंडावर आलेली. बर्त मोरिझोचं चित्र तसं तयार आहे: काळ्या पोशाखातली आई पुस्तकात गढून गेलेली आणि सोफ्यावर पांढऱ्या कपड्यांत बहीण एद्मा, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती तेव्हाची. पण चित्रकार प्युव्ही द शाव्हान चित्रातल्या आईच्या डोक्यात खोट काढून गेलाय. बर्तने ते पुसून पुन्हा रंगवलं. आता चिठ्ठी धाडली तर त्याला यायला जमत नाही.

शनिवार. थकलेली बर्त चित्रकार एद्वार मानेच्या स्टुडिओत जाते. उद्या माझी चित्रं रवाना केली की येतो, बाकी माझ्यावर सोपवा, असं तो सांगतो.

रविवार, दुपारचा एक. माने येतो, चित्राची तारीफ करतो. फक्त आईच्या झग्याचा खालचा भाग तेवढा त्याला पटत नाही. कुंचला उचलून दोन-चार फटकारे मारतो, ते शोभतातही. आई बेहद्द खूश.

एक ते पाच. मग हा गृहस्थ थांबेचना. झग्यावरून छातीवर, तिथून डोक्यावर, डोक्यावरून पार्श्वभूमीवर. विनोद चाललेत, हसणं चाललंय. पॅलेट बर्तच्या हाती देतो, लगेच काढून घेतो. चित्र आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे आणि दोन हात त्यात वेगळे ओळखू येतात: एद्मा नाजूक, हलक्या फटकाऱ्यांची, आईचा चेहरा आणि काळा झगा रुंद, झपाट्याने ओढलेला. सॅलॉनला चित्र बर्तच्या नावाने जाणार होतं. याला मदत म्हणणं मला जड जातं.

पाच. हातगाडीवाला खोळंबलेला. माने चित्र गाडीवर चढवायला लावतो. आईला सगळी गंमत वाटते. बर्तच्या लेखी चित्राचं व्यंगचित्र झालंय. ते नाकारलं जावं एवढीच आता तिची आशा, असं ती एद्माला पत्रात कळवते.

नंतर. लेकीची दशा बघून आईने चित्र परत मागवलं. मग नवी धास्ती: माने दुखावला तर? चित्र वेळेत पोहोचलं नाही अशी सबब सांगायचीही सोय नव्हती, कारण बर्तने लोरियांतला काढलेलं एद्माचं छोटं चित्र त्याच गाडीतून गेलं होतं. चित्र पुन्हा पाठवलं. सॅलॉनने ते स्वीकारलं.