‘धंदा’ या रकान्यातील शब्द

दर वर्षी जून उजाडला की आपल्या मंडळाच्या कचेरीत विद्यार्थी जुने कागद घेऊन येतात. जातपडताळणीसाठी अनुसूचित जातीच्या अर्जदारास १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो; त्यामुळे पणजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल, वतनाचे उतारे यांचा शोध सुरू होतो. जात व गाव सापडले की कागद फाईलला लागतो. आम्ही बँकेतील माणसे, रकाने शेवटपर्यंत वाचण्याची खोड! काही कागदांत पुढे ‘धंदा’ असा रकाना असतो. तेथील एक शब्द नेमका कुणालाच लागत नाही.

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. १८८१ पासून दर दहा वर्षांनी शिरगणती झाली, तेव्हा पूर्वजांचा धंदा तेथे मिळेल असे पुष्कळांना वाटते. इंग्लंडात तसे मिळते. तेथील १९२१ च्या घरोघरच्या याद्या शंभर वर्षांनी, २०२२ साली, लोकांस खुल्या झाल्या. आपल्या शिरगणतीचे छापील अहवाल पाहावेत तर त्यांत माणसांची नावे नसून केवळ आकडे आहेत आणि १९४८ च्या जनगणना कायद्याने व्यक्तीची नोंद कुणास पाहता येत नाही. म्हणून आपल्याला गावच्या व शाळेच्या दप्तराकडेच वळावे लागते. ही दप्तरे टिकू शकतात. साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० ची ‘भिवा रामजी आंबेडकर’ ही नोंद आजही आहे.

जुने गावदप्तर बहुधा मोडीत असते. मोडीत ओळ आधी आखतात व अक्षरे तिला लटकवीत हात न उचलता लिहितात. दोन शब्दांत जागा नसते, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नसतो, अनुस्वार पुष्कळदा गळतो. त्यामुळे एकटा शब्द फोडू नये. त्याच लेखकाने त्याच पानावर लिहिलेली ओळखीची नावे व गावे आधी लावावीत, त्याचे वळण ध्यानात घ्यावे, मग अडलेला शब्द घ्यावा. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, एवढे ठाऊक असले तरी अर्धी ओळ सुटते. इंग्रजी शब्द तर ऐकू येतील तसे लिहीत. ‘ब्यांक’ लिहिणाऱ्या हातानेच ‘ग्यांगमन’ लिहिले आहे, हे मोठ्याने वाचल्यावर कळते.

अक्षर लागले तरी अर्थ लागतोच असे नाही. आमच्या एका सभासदांच्या घरी पणजोबा आगबोटीवर होते अशी समजूत होती, कारण कागदावर ‘खलाशी’ होते. पुढे त्याच पेटीत रेल्वे कारखान्याची पावती निघाली. रेल्वेत खलाशी म्हणजे कारखान्यातील मदतनीस मजूर. समुद्राचा संबंध नाही! घरातील म्हाताऱ्यांना मात्र ही दुरुस्ती रुचली नाही.

‘बिगारी’ हा शब्द त्याहून अवघड. मुंबईच्या बांधकामावरील बिगारी रोजावर काम करी. गावच्या कागदातील बिगार म्हणजे वेठ, मोबदला नसलेले काम. कागद कुठला, हे पाहिल्याशिवाय अर्थ करू नये. ‘वेसकर’ व ‘तराळ’ यांचेही तसेच. वेशीची राखण, सांगावे पोचविणे, सरकारी माणसाचे ओझे वाहणे ही कामे घराघरांत पाळीने फिरत. म्हणून एका साली ‘वेसकर’ आणि दुसऱ्या साली ‘मजुरी’ असे दिसले तर माणूस दुसरा समजू नये. पाळी संपली होती. कुठे ‘पेनशनर’ दिसला तर पलटणीचा माग घ्यावा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सैन्यभरती बंद होण्यापूर्वी आपली पुष्कळ माणसे तेथे होती.

स्त्रियांच्या नावापुढे बहुतेक रेघ असते किंवा ‘घरकाम’. आमच्या आजीने आयुष्यभर गवताचे भारे विकले. लिहिणाऱ्यास ते दिसले नसावे.

गेल्या वर्षी एका पदवीधर तरुणाने वंशावळ तयार केली आणि पणजोबांपुढचा ‘तराळ’ खोडून ‘शेती’ लिहिले. आम्ही त्याला रागावलो नाही. लाज त्याची नव्हती, ती त्याच्यावर लादलेली होती. पण हाच शब्द मोडावा म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतन दुरुस्तीचे बिल आणले, आणि १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने गेली. शब्दच खोडला तर कशाविरुद्ध लढलो हे पुढच्यांना कसे कळणार? दोन दिवसांनी त्याने ‘तराळ’ पुन्हा लिहिला व खाली ‘हाडोळ्याची जमीन’ अशी ओळ जोडली. ती जमीन कोणत्या शिवारात होती, हे सांगणारे गावात आता एकच आजोबा उरले आहेत. दिवाळीच्या सुटीत तो त्यांच्याकडे जाणार आहे. मोडीचे उतारे घेऊन आम्हीही सोबत जाणार आहोत.