चाई, गेलेल्या भुवया आणि गोंदणाचा निर्णय

प्रस्तुत लेखात चाईमुळे भुवया गेलेल्या व्यक्तीने त्या कायमस्वरूपी गोंदवून घ्याव्यात काय, या प्रश्नाचा विचार केला आहे. मानवत परिसरास गोंदण नवे नाही. कपाळावर, हनुवटीवर हिरवे गोंदण असलेल्या वृद्धा मराठवाड्यातील खेड्यांत आजही आढळतात. मात्र ते गोंदण अलंकार होते. येथे ते गेलेल्या केसांची जागा घेते.

चाई हा स्वप्रतिकारक विकार आहे. त्यात केसांची मुळे नष्ट होत नाहीत. त्यामुळे केस काही महिन्यांनी, क्वचित अनेक वर्षांनीही, परत येऊ शकतात. व्रण ठेवणाऱ्या केशनाशात मात्र मुळेच मरतात. म्हणून त्वचारोगतज्ज्ञाकडून निदान आधी, गोंदण नंतर. २०२२ साली अमेरिकेत तीव्र चाईसाठी बॅरिसिटिनिब या औषधास मान्यता मिळाल्याने प्रतीक्षेलाही अर्थ आला आहे. अर्थात, औषध थांबविल्यास केस पुन्हा गळू शकतात.

'कायमस्वरूपी' हा शब्दच फसवा आहे. रंग काही वर्षांत फिकटतो, कधी तांबूस वा निळसर होतो, पण पूर्णतः जाईलच असे नाही. लोहयुक्त रंग लेसरने काढू जाता काळा पडू शकतो. सुई निर्जंतुक नसल्यास 'ब' व 'क' प्रकारच्या काविळीचा धोका संभवतो. पार्लरमध्ये हे विचारण्यास संकोचू नये.

रोज वर्गासमोर उभ्या राहणाऱ्या अध्यापिकेस घामाने पुसली जाणारी पेन्सिल किती जाचते, हे पुरुष सहकाऱ्यांच्या सहसा ध्यानी येत नाही. तिच्या प्रश्नास हौस म्हणून बाजूस सारणे अन्यायाचे होईल. रोग स्थिरावल्यावर, मूळच्या रेषेवरच, फिकट छटेत गोंदवून घेणे प्रस्तुत लेखिकेस रास्त वाटते. केस परतलेच, तर ते त्याच रेषेवर उगवतील.