बँक बुडाली, इमारत तरली

कोलकात्याच्या जुन्या डलहौसी चौकाला आज बिनय-बादल-दिनेश बाग म्हणतात. लोकांच्या तोंडी 'बीबीडी बाग'. मधोमध लालदिघी हे तळे, एका अंगाला रायटर्स बिल्डिंग, दुसऱ्या अंगाला मोठ्या टपाल कचेरीचा पांढरा घुमट. मुंबईकराला इथे हॉर्निमन सर्कलची आठवण व्हावी. दोन्हीकडे इंग्रजांनी राज्यकारभार आणि रोकड शेजारी-शेजारी बसवली होती. या चौकाच्या कोपऱ्यावर तीन मजल्यांची एक इटालियन धाटणीची इमारत आहे. तिचे नाव करन्सी बिल्डिंग.

ती १८३३ची, असे मानले जाते. आग्रा बँकेची कोलकाता शाखा इथे होती. जाड भिंती, कमानदार छते, व्हेनिसच्या पद्धतीच्या खिडक्या, घडीव लोखंडाचे नक्षीदार फाटक, खाली संगमरवर आणि चुनारचा दगड. हा थाट उगाच नव्हता. त्या काळी ठेवींना विम्याचे संरक्षण नव्हते, डोक्यावर रिझर्व्ह बँक नव्हती. ठेवीदाराने विश्वास ठेवायचा तो संचालकांच्या नावावर आणि भिंतींच्या जाडीवर.

पण भिंती जाड असल्या म्हणून बँक भक्कम असतेच असे नाही. १८६६ मध्ये लंडनची ओव्हरेंड गर्नी ही बडी पेढी कोसळली. तिच्या धक्क्याने आग्रा बँकेलाही त्याच वर्षी व्यवहार थांबवावे लागले. ती पुढे सावरली, तरी तिचा जुना रुबाब परतला नाही आणि शेवटी ती इतिहासजमा झाली. आपली मुंबईही तेव्हा यातून सुटली नव्हती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला, शेअरांचा सट्टा माजला, १८६५ मध्ये फुगा फुटला आणि त्यात सापडलेली बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली.

नेमक्या त्याच वर्षी, १८६८ मध्ये, कोलकात्याच्या या इमारतीत सरकारचे चलन कार्यालय आले. १८६१च्या कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला होता. मात्र नोट देशभर सारखी चालत नसे. कोलकाता, मुंबई, मद्रास अशी मंडळे होती आणि एका मंडळाची नोट दुसऱ्या मंडळात स्वीकारलीच पाहिजे, असे बंधन नव्हते. कोलकात्याच्या नोटेचे हक्काचे चांदीचे रुपये मिळत ते कोलकात्यात. शंभराची नोट सगळीकडे चालू लागायला १९११ उजाडावे लागले.

टपालाने पैसे पाठवायची त्या काळची युक्ती तर ऐकण्यासारखी आहे. व्यापारी नोट मधोमध कापत, एक अर्धा तुकडा टपालाने रवाना करत आणि तो पोचल्याचे पत्र आले की दुसरा पाठवत. वाटेत एक तुकडा चोरीस गेला, तरी चोराला त्याचा उपयोग नसे. मोबाईलवर क्षणात पैसे पाठवणाऱ्या नातवंडांना हे सांगून पाहा!

१ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली, तेव्हा तिचे मध्यवर्ती कार्यालय याच इमारतीत होते. १९३७ मध्ये ते कायमचे मुंबईला हलले. चिंतामणराव देशमुख १९४३ मध्ये या बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, तेव्हा कारभार आपल्या फोर्टातून चालत होता. इकडे करन्सी बिल्डिंग केंद्रीय बांधकाम खात्याच्या ताब्यात गेली आणि तिचे गोदाम झाले.

सरकारी गोदामाचे भवितव्य ठरलेले असते. १९९४ मध्ये इमारत पाडायचे ठरले, १९९६ मध्ये घण पडू लागले. याच सुमारास, १९९५ मध्ये, मुंबईत वारसा वास्तूंच्या संरक्षणाचे नियम आले होते. देशातल्या एखाद्या शहरासाठी असे नियम प्रथमच होत होते. कोलकात्यात वारसाप्रेमींची 'इंटॅक' ही संस्था आणि महापालिका आडव्या आल्या आणि पाडकाम थांबले. पण तोवर मधल्या मोठ्या दालनावरचे तिन्ही घुमट गेले होते.

पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने इमारत ताब्यात घेतली आणि वर्षानुवर्षे डागडुजी केली. ११ जानेवारी २०२० रोजी ती लोकांसाठी खुली झाली आणि तिथे बंगालच्या चित्रकलेचे मोठे प्रदर्शन मांडले गेले. जिथे नोटा मोजल्या जात, तिथे माणसे चित्रांपुढे थांबू लागली.

या डागडुजीतली एक गोष्ट बँकेत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला फार मोलाची वाटते. पडलेले घुमट नव्याने उभारून जुने म्हणून दाखवले नाहीत. मधले दालन आभाळाखाली उघडेच ठेवले आहे, कडेला विटांच्या कमानी दिसतात. आमच्या भाषेत सांगायचे, तर तोटा झाला तो खतावणीत तोटा म्हणूनच दाखवला. ताळेबंद सुंदर दिसावा म्हणून आकडे सजवणाऱ्या बँकांचे काय होते, ते ठेवीदारांना सांगायला नको.

आपल्या गावोगावच्या पेठांतही जुन्या बँकांच्या इमारती आहेत. सागवानी काउंटर, पितळी गज, तळघरातली तिजोरीची खोली, कोनशिलेवरची नावे. शाखा हलते, कुलूप लागते, छत गळू लागते आणि एक दिवस 'धोकादायक' अशी पाटी लागते. प्रत्येक इमारत वाचवता येणार नाही, वाचवूही नये. पण तिथे वाचनालय, अभ्यासिका किंवा गावच्या कागदपत्रांचे दालन होऊ शकेल का, हा प्रश्न घण पडण्याआधी विचारायला हवा. तिजोरीच्या खोलीइतकी कोरडी आणि सुरक्षित जागा जुन्या दप्तरांना गावात दुसरी कुठे मिळणार?

कोलकात्यात हा प्रश्न उशिरा विचारला गेला. त्या उशिराची किंमत तीन घुमट.