पाचशे ग्रॅमचा चाप

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका कामासाठी गेलो होतो. शेजारच्या गाळ्यात एक मिस्त्री व्हाइसमध्ये अक्रोडाच्या लाकडाचा ठोकळा धरून कानशीने घासत होते आणि समोर स्टुलावर चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी उजवा हात पुढे करून बसली होती. थोडं घासून झालं की मिस्त्री तो ठोकळा तिच्या मुठीत देत, "कुठं टोचतंय?" विचारत, पेन्सिलीने खूण करत आणि पुन्हा कानस चालवत. लेथ, ड्रिल आणि पंपाच्या सुट्या भागांच्या या पेठेत कुणाच्या तरी हाताचं माप एवढ्या मायेनं घेतलं जाताना मी कधी पाहिलं नव्हतं. विचारलं, तेव्हा कळलं की ही एअर पिस्तुलाची ग्रिप आहे. पिस्तूल नवं, देशी बनावटीचं, परदेशी पिस्तुलाच्या पाव किमतीत आलेलं. रेंजवर ते अजून कुणी झाडून पाहिलं नव्हतं. "उद्या सकाळी लावणार हाय. या की बघायला," मिस्त्री म्हणाले.

कोल्हापूरला नेमबाजीचं वेड नवं नाही. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली, राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ मध्ये पॅरिसहून ५० मीटर रायफलचं ऑलिंपिक कांस्य घेऊन आला. त्या पदकानंतर जिल्ह्यातल्या पोरांच्या रांगा लागल्या. पण रांगेच्या दुसऱ्या टोकाला असतं काय, तर क्लबचं एखाददुसरं पिस्तूल आणि त्यावर हक्क सांगणारे वीस हात. स्पर्धेच्या दर्जाचं परदेशी एअर पिस्तूल घ्यायचं तर आकडा लाखाच्या पुढेच सुरू होतो. इथं येणाऱ्या बहुतेक घरांत तेवढ्या रकमेचा विचार लग्न, घर किंवा आजारपण यांच्यासाठीच होतो.

रेंज म्हणजे पत्र्याचा लांबट हॉल. फायरिंग लाइनपासून टार्गेटपर्यंत १० मीटर. तारेवरून मोटरने पुढे-मागे सरकणारी कागदी टार्गेटं. छर्रा दाबलेल्या हवेवर सुटतो, त्यामुळे दारूचा वास नाही. शिसं, मशीन ऑइल आणि पुठ्ठा यांचा मिळून एक वास असतो. त्या सकाळी त्यात एम-सीलचा उग्र दर्प मिसळला होता. तळहाताच्या पोकळीत ग्रिप नीट बसावी म्हणून मिस्त्रींनी रात्री तिच्यावर एम-सीलचा थर चढवला होता आणि ओला असतानाच मुलीची मूठ त्यात दाबून घेतली होती. तिच्या बोटांच्या पेरांचे ठसे त्यात स्पष्ट दिसत होते. तो वास आता एखाद्या गळक्या नळाच्या दुरुस्तीत आला, तरी मला ती मूठ आठवते.

बाकी तयारी झटपट झाली. सिलिंडरमध्ये २०० बार हवा भरली, गेज पाहिला, नळीतून आरपार घातलेली नारिंगी सेफ्टीची दोरी क्लबच्या प्रशिक्षक सरांच्या परवानगीनंतरच काढली. हे पिस्तूल घ्यायला परवाना लागत नाही, कारण आपल्या नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर हत्याराला त्यातून सूट आहे. स्पर्धेच्या पिस्तुलाची ताकद ५-६ ज्यूलच भरते. तरीही सर त्या दोरीबाबत जराही ढील देत नाहीत. एका मुलाने ती काढता काढता नळी जरा बाजूला वळवली, तर त्याला त्या दिवशी पिस्तुलाला हात लावू दिला नाही. मला ते फार बरं वाटलं.

आधी नळीची परीक्षा. मिस्त्रींनी लाकडाच्या गुटक्यांमध्ये पिस्तूल व्हाइसला आवळलं आणि सपाट डोक्याचे पाच छर्रे एकामागून एक झाडले. फट्, फट्, असा कोरडा आवाज. टार्गेट परत आलं, तेव्हा पाचांचं मिळून एकच भोक होतं, कडा किंचित वाढलेली. एअर पिस्तुलात दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर असतो. हे भोक त्यात सगळीकडून जागा सोडून बसलं होतं. "नळीला बोल लावायचा न्हाई," मिस्त्री म्हणाले. "आपल्या लोकांस्नी नळी करता येती. आता चाप बघूया."

मग त्यांनी खिशातून फडक्यात गुंडाळलेलं वजन काढलं. पितळी, वर तारेचा आकडा. "पाचशे."

हा आकडा मी तिथे इतक्या वेळा ऐकला, की तो आता माझ्याही तोंडात बसला आहे. १० मीटर एअर पिस्तुलात चापाने किमान ५०० ग्रॅम वजन पेललं पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. स्पर्धेआधी तपासणीला पिस्तूल उभं धरतात, नळी आकाशाकडे. चापाला वजन अडकवतात आणि टेबलावरून अलगद उचलतात. वजन अधांतरी लटकलं आणि चाप सुटला नाही, तर पास. सुटला, तर ते पिस्तूल घेऊन उभं राहता येत नाही. वरची मर्यादा मात्र नाही. म्हणून प्रत्येक नेमबाज पाचशेच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जातो. राहीच्या २५ मीटर प्रकारात हीच अट १,००० ग्रॅमची आहे. तिथला हातच वेगळा.

नव्या पिस्तुलाने पाचशे सहज पेलले. मिस्त्रींनी आकड्याला एक लहान वजन जोडलं. पेललं. आणखी एक. तेही पेललं. सातशेच्या पुढे गेल्यावर कुठे चाप सुटला, आणि तोही एका झटक्यात सुटला नाही. आधी जरा सरकला, अडला, पुन्हा सरकला आणि मग फट्. मिस्त्रींनी डोळे मिटून चार-पाच वेळा नुसताच चाप ओढून पाहिला, कान पिस्तुलाला लावून. "खरखर हाय. आतली धार कापली, पण घासली न्हाई."

कमी किमतीतली बचत कुठे होते, ते त्या खरखरीत ऐकू येत होतं. नळी आता यंत्रावर अचूक निघते. पण चापाच्या आत जे दोन पोलादी ओठ एकमेकांना अडवून धरतात, त्यांचा पृष्ठभाग आरशासारखा करायला माणसाचा वेळ लागतो, आणि वेळ महाग असतो. चांगल्या पिस्तुलात चापाचे दोन टप्पे असतात: पहिला मऊ, बोट भिंतीला टेकेपर्यंतचा, दुसरा त्या भिंतीचा, जी एका क्षणी काचेसारखी तुटते. इथे भिंत होती, पण ती ढासळत होती. मागच्या साइटच्या क्लिकही ढिल्या होत्या, मोजायला गेलं की चुकावं इतक्या. साइटचं मला तेवढं वाटलं नाही. ती एकदा लावली की लावली. चाप मात्र प्रत्येक नेमाला ओढायचा असतो.

आणि नेम किती? पात्रता फेरीत ६० नेम, इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ७५ मिनिटं. म्हणजे सवा मिनिटाला एक. किलोभर वजनाचं पिस्तूल एका हाताने, कोपर न टेकवता, दरवेळी खाली आणायचं आणि पुन्हा उचलायचं. पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये साधारण ३२ सेंटिमीटरचं अंतर धरा. पुढची साइट मागच्या खाचेत फक्त १ मिलिमीटरने बाजूला गेली, तर १० मीटरवर छर्रा ३१ मिलिमीटर भरकटतो. वर्तुळं प्रत्येक बाजूला ८-८ मिलिमीटरने वाढतात, तेव्हा दहाच्या जागी सात. एका मिलिमीटरची ही शिक्षा. सातशे ग्रॅमचा अडखळता चाप ओढताना पंधरा वर्षांच्या मुलीचा पंजा एक मिलिमीटर हलणार नाही, अशी अपेक्षा कुणी ठेवावी?

तिने झाडलं, तेव्हा तेच दिसलं. पहिले दहा छर्रे बहुतेक डावीकडे खाली, घड्याळात आठ वाजतात त्या बाजूला. उजव्या हाताच्या नेमबाजाने चापाला हिसका दिला की छर्रा तिकडेच जातो, हे सरांनी मला नंतर सांगितलं. तिला सांगायची गरजच नव्हती. टार्गेट पाहून ती ओठ चावत एवढंच म्हणाली, "काका, शेवटच्याला अडकतंय." क्लबच्या परदेशी पिस्तुलावर ती नव्वदीच्या आसपास मारते. पण ते तिच्या वाट्याला आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास येतं, आणि त्याची ग्रिप एका सहा फुटी मुलाच्या हाताची आहे. अंगठ्याखाली ती स्पंज कोंबते.

मिस्त्री खाली बसले. कंपनीने बाहेरून दिलेले दोन स्क्रू त्यांनी पाव-पाव फेऱ्याने फिरवले आणि दरवेळी वजन लटकवलं. सहाशे ऐंशी. सहाशे वीस. पाचशे साठ. मधेच एकदा पाचशेलाच सुटला, तेव्हा त्यांनी जीभ चावून स्क्रू मागे घेतला. शेवटी पाचशे तीसवर थांबले. आतले ओठ घासायला मात्र तयार झाले नाहीत. "कोन अर्ध्या केसानं चुकला, तर नुसतं आपटल्यावर सुटंल. पोराच्या हातातली वस्तू हाय. ते कंपनीनंच करून पाठवायला पायजे." एवढा कसबी माणूस आपल्या कसबाला जिथे थांबवतो, ती जागा मला त्या सकाळी सगळ्यात मोलाची वाटली.

पाचशे तीसवरही खरखर गेली नव्हती. पण आता ती बोटाला कमी वेळ लागत होती. पुढच्या दहांमध्ये डावीकडची गळती बरीच आटली; आठ, नऊ, एक सहा, पुन्हा नऊ, दोन दहा. मधल्या त्या सहाला तिने मान हलवली आणि पुढचा नेम न घेता पिस्तूल खाली ठेवलं. सर मागून म्हणाले, "बरोबर केलंस." न झाडलेल्या नेमाचं एवढं कौतुक मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेलं नाही.

हॉलमध्ये आलेले इतर पालक अर्थातच एकच प्रश्न विचारत होते: याच्यावर पोरगी नॅशनलला जाईल का? सरांनी आडपडदा ठेवला नाही. या चापावर एका ठरावीक स्कोअरच्या पुढे अडखळायला होणार, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. पण लगेच टोकियो ऑलिंपिकची आठवण दिली. २०२१ मध्ये मनू भाकरच्या हातात जगातल्या उत्तमांपैकी एक पिस्तूल होतं, ते ऐन पात्रता फेरीत बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला, ५७५ वर ती बारावी आली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिने कांस्य घेतलं. महाग वस्तूही दगा देते; मधल्या तीन वर्षांचा सराव तिच्या उपयोगी पडला, एवढंच सरांना सांगायचं होतं.

मला त्यांचं पटलं, आणि त्यापुढेही जाऊन सांगावंसं वाटतं. नववीतल्या पोरासाठी सोनं गहाण टाकून दोन लाखांचं पिस्तूल घेणारी घरं आहेत, आणि वर्षाभरात दहावीच्या धास्तीने ते पिस्तूल कपाटात जातं. त्यापेक्षा स्वतःच्या मुठीच्या मापाचं, जरा खरखरीत चापाचं, पण रोज हातात येणारं पिस्तूल लाख पटीने बरं. क्लबने असली चार घ्यावीत. कंपनीने हजार-दोन हजार जास्त घ्यावेत, पण चापाचे ते ओठ घासून पाठवावेत. नळी एवढी चांगली करणाऱ्यांना ते अवघड नाही. मिस्त्रींसारखी माणसं गावोगावी नाहीत, आणि चापाशी खेळ करणारी हौशी माणसं मात्र गावोगावी आहेत, म्हणून हे निकडीचं आहे.

मुलीचे वडील इचलकरंजीला यंत्रमागावर आहेत. रात्रपाळी करून थेट आलेले, शर्टावर सुताचे तंतू. सगळा वेळ भिंतीला टेकून गप्प उभे होते. हिशेबाची वेळ आली, तेव्हा त्यांनी पिस्तुलाबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं, "सर, डब्यात छर्रे किती येतात?"

"पाचशे."

"आणि रोज साठ?"

"रोज साठ धरा."

त्यांनी बोटांवर मोजलं. आठ दिवसांत डबा संपतो, महिन्याला तीन-चार डबे. पिस्तूल एकदाच घ्यायचं, छर्रे दर महिन्याला. सरांनी मुलीची वही मागवली आणि तिच्यात नवं वेळापत्रक लिहून दिलं: आठवड्यातले चार दिवस घरी, भिंतीवर कोरा कागद लावून, नळी रिकामी, नुसता चाप, रोज शंभर वेळा; छर्रे फक्त रेंजवर, तीन दिवस. वडिलांनी वही हातात घेऊन ते दोनदा वाचलं, पुन्हा मोजलं आणि म्हणाले, "मग दोन डब्यांत भागतंय."

"भागतंय," सर म्हणाले.