टेम्पो यायच्या आधी

आषाढाचा उत्तरार्ध, बाहेर झिमझिम, आणि कर्वे रस्त्याजवळच्या एका मंगल कार्यालयात मी गर्दीत उभी आहे. चातुर्मास लागला, आता तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्तांची बोंब. पंचांगात ‘आपत्कालीन’ म्हणून काही छापलेले असतात, पण हॉलवाल्याचं पोट त्यावर भरत नाही. मग असे सेल. नवरा-नवरीच्या स्टेजवर पानिपतच्या ब्लँकेटांची थप्पी, जेवणाच्या टेबलांवर तिरुपूरचे टी-शर्ट.

दारावरचा ‘शेवटचे दोन दिवस’ हा फलक आठवडाभर लटकतोय. आज मात्र खरंच शेवट आहे, कारण एक पोरगा कोपऱ्यात रिकामी खोकी उलगडून त्यांना चिकटपट्टी मारतोय. मुरलेल्या बायका फलक वाचत नाहीत, खोकी बघतात.

संध्याकाळचे सहा. बेडशीटवर अजून 350 चा कागद आहे. दोघी-तिघी नुसत्या घड्या उलटसुलट करताहेत, घेत कुणीच नाही. साडेसहाला मालक मार्कर घेऊन येतो, 350 वर काट मारून 250 लिहितो. तरी कुणी पाकिटाला हात लावत नाही. सातनंतर तो स्वतःच खुर्चीवर चढून ओरडतो, “पाचशेला तीन!” आणि टेबलाभोवती एकदम रेटारेटी होते.

तो असा का वाकतो, ते त्याच्याच तोंडून ऐकू येतं. “मावशी, न्या हो. परत नेला तर टेम्पोचं भाडं, हमाली, वर पावसात भिजला तर गेलाच माल.” आणि महिना-दीड महिन्यात गौरी-गणपतीची खरेदी सुरू झाली की गिऱ्हाईक नवं डिझाइन मागणार. दारावरची ‘70 टक्के सूट’ मला नाटकी वाटते. या टेम्पोच्या भाड्यातून निघालेली सूट मात्र खरी.

मावशींच्या पर्समधून शिंप्याची टेप निघते.

“दादा, पाकिटावर नव्वद इंच लिहिलंय, भरतंय सत्त्याऐंशी.”

“धुतल्यावर बरोबर होतं, मावशी.”

“धुतल्यावर कापड वाढतं होय?”

आजूबाजूला हशा. मावशी तिसरी बेडशीट बदलून घेतात आणि पाचशेची नोट काढतात.

पलीकडे खोक्यातल्या स्वयंपाकाच्या वस्तू. एक पेन्शनर काका मिक्सरच्या जादा भांड्याचं खोकं दिव्याखाली धरून नखानं स्टिकर सोलताहेत. स्टिकरवर 1299 कापून 399. खाली कंपनीनं छापलेली किंमत निघते, 499. म्हणजे सूट उणीपुरी शंभराची. कमी किमतीचा स्टिकर लावायला कायद्याची हरकत नाही, पण छापलेली एमआरपी त्याखाली झाकता येत नाही. काका हे विक्रेत्याला शांतपणे सांगतात. तो तितक्याच शांतपणे ते खोकं टेबलाखाली सरकवतो.

टी-शर्टांकडे मात्र उशिरा येणाऱ्याची फजिती आहे. मानेवरची लेबलं अर्धी कापलेला एक्सपोर्टचा जादा माल. कापड झकास, दर 100 रुपये, पण उरलेत ते एक तर कॉलेजातल्या काटकुळ्या पोराला व्हावेत असे, नाहीतर थेट डबल एक्सएल. मधली मापं पहिल्या शनिवारीच गेली, असं विकणारा मुलगा सांगतो. एक बाई तरीही चार डबल एक्सएल उचलते. “रात्री घालायला होतील.” घरी तेवढ्या अंगाचं कुणी आहे का, हे विचारायची माझी हिंमत होत नाही.

आठला टेम्पो मागच्या दाराशी लागतो. आता भाव सांगतच नाहीत, विचारतात, “किती द्याल?” पायपुसण्यांचा उरलेला गठ्ठा एक खानावळवाली उक्ता घेते आणि मालक पैसे न मोजताच खिशात घालतो.

हाच माल आता नगरला जाणार आहे. तिकडे कुणी असेल तर सांगा : मापाचे कपडे हवे असतील तर पहिल्याच दिवशी गाठा. चादरी-पायपुसण्यांना खोकी उलगडेपर्यंत थांबा. आणि टेप घरूनच न्या.